टाकीतले खडे कोण नेतंय?

पहिला खडा नाहीसा झाला तेव्हा शाल्मलीला वाटलं, आपलंच मोजताना चुकलं असेल. सतराऐवजी सोळा. दुसऱ्या दिवशी पंधरा. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने काचेवर बोट टेकवून, पुटपुटत, तीन वेळा मोजले. तेरा.

टाकीवर झाकण होतं. झाकणाला खिट्टी होती. खोलीला एकच दार होतं आणि त्या दाराशी पाणक्या उभा असायचा. पाणक्या म्हणजे शाल्मलीच्या कमरेएवढ्या उंचीचा यंत्रमानव. पाणी तपासणं, बदलणं आणि टाक्यांच्या खोलीवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम.

"पाणक्या, इथे कोण आलं होतं?"

"कोणी नाही. काल संध्याकाळी तू गेलीस. आता तू आलीस. मधल्या वेळात दार उघडलेलं नाही."

"मग माझे खडे कुठे जातायत?"

"मला माहीत नाही," पाणक्या म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणूनच ते उत्तर ऐकून शाल्मलीच्या अंगावर काटा आला.

शाल्मली कुबल अकरा वर्षांची होती आणि चंद्रावर राहत होती. तिची आई तिथल्या वस्तीची पाणी-अभियंता होती. चौसष्ट माणसांची ती वस्ती चंद्राच्या पृष्ठभागावर नव्हती, पोटात होती, एका लाव्हाबोगद्यात (फार पूर्वी वितळलेला खडक वाहून गेला आणि मागे जी पोकळ नळी उरली, ती). वर उन्हात शंभर अंशांच्या वर तापायचं आणि सूर्य गेला की रक्त गोठवणारी थंडी पडायची. बोगद्यात मात्र कायम सतरा अंश. ना वारा, ना पाऊस, ना पाखरू. यंत्रं क्षणभर थांबली की आपल्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू यायचं.

सतरा अंश हे तापमान ॲक्सोलॉटलला फार मानवतं. ॲक्सोलॉटल हा मूळचा मेक्सिकोतल्या तळ्यांमधला उभयचर प्राणी (बेडकाच्या दूरच्या नात्यातला). बेडकाची पिल्लं मोठी झाली की पाण्याबाहेर येतात. ॲक्सोलॉटल मात्र जन्मभर पाण्यातच राहतो आणि डोक्यामागे त्याचे कल्ले तुऱ्यांसारखे पसरलेले असतात. त्याचा पाय तुटला तर तो पुन्हा उगवतो. हे कसं होतं, ते कमी गुरुत्वात तपासायला एका शास्त्रज्ञाने तीन ॲक्सोलॉटल चंद्रावर आणले होते. दोन प्रवासातच गेले. मग शास्त्रज्ञही आजारी पडले आणि घाईघाईने पृथ्वीवर परतले. उरली ती पिठी. पिठासारखी पांढरी, गुलाबी कल्ल्यांची, वीतभर लांब. तिची देखभाल शाल्मलीने मागून घेतली होती; फक्त पहाटेचं गांडूळ पाणक्या झाकणातल्या बारीक नळीतून सोडायचा.

शास्त्रज्ञांनी टाकीचा तळ उघडा ठेवला होता, नुसती काच. पण पिठीचे पाय त्या काचेवर ठरत नसत. चंद्रावर वजन सहावा हिस्सा, त्यात पाणी, त्यात गुळगुळीत काच. एक पाऊल टाकलं की ती वर तरंगायची, भिंतीला धडकायची, परत घसरायची. तिचे कल्ले सतत पुढे वळलेले असायचे, आणि ॲक्सोलॉटल बेचैन असला की तसं होतं. शाल्मलीला ते बघवेना. पृथ्वीवरून निघताना नानांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, कर्ली नदीतले सतरा काळे खडे तिच्या खिशात घातले होते. वाटाण्याएवढे, हाताला गुळगुळीत लागणारे. तेच तिने टाकीत टाकले. त्याआधी पाणक्याकडून तपासूनही घेतले होते. त्याने दोन दिवस ते भिजवून ठेवले आणि सांगितलं, "यांच्यामुळे पाण्यात विष उतरत नाही."

आणि आता तेरा उरले होते.

विटांच्या भट्टीवर बर्डेकाका होते. चंद्राची माती भाजून ते भिंतींच्या विटा बनवायचे. वस्तीतला सगळ्यात जुना माणूस. शाल्मलीने त्यांना विचारलं.

त्यांनी हातमोजे काढले आणि सावकाश बसले. "माझा एक पाना गेला. मग एक चष्मा. एकदा तर अख्खा जेवणाचा डबा. बाळ, ही जागा तीन अब्ज वर्षं रिकामी होती. इतकी वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेला रिकामं राहायचीच सवय लागते. आपण काही आणून ठेवलं की तिला खुपतं."

ते गंमत करत नव्हते. शाल्मली परत निघाली तेव्हा मार्गिकेतले दिवे तिच्या पुढे एकेक लागत गेले आणि मागे एकेक विझत गेले. वीज वाचवायला तसंच केलेलं होतं. ती रोज तिथूनच जायची, पण त्या दिवशी तिने मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी तिने डोक्यावरचा एक केस उपटला आणि टाकीचं झाकण व कड यांच्यावर आडवा चिकटवला. झाकण कोणी केसभर उचललं असतं तरी तो तुटला असता.

सकाळी केस तसाच होता. खडे अकरा होते.

शाल्मली टाकीसमोर उभी राहिली. म्हणजे जे काही होतं ते बाहेरून येत नव्हतं. ते आतच होतं. पाण्यात पिठी न हलता तरंगत होती. ॲक्सोलॉटलला पापण्या नसतात. तिचे दोन काळे डोळे उघडेच होते आणि तिच्या रुंद तोंडावर ते नेहमीचं हसू होतं, जे खरं तर हसू नसतंच, जबड्याची ठेवणच तशी असते. शाल्मलीला हे ठाऊक होतं. तरीही ती मागे सरकत दारापर्यंत गेली.

पुढचे पाच दिवस ती त्या खोलीकडे फिरकली नाही. आईला सांगितलं, अभ्यास आहे.

सहाव्या दिवशी दुपारी पाणक्या स्वतःच तिच्या दाराशी आला. तो टाक्यांची खोली सोडून कधीच येत नसे.

"पिठीने काल आणि आज गांडूळ खाल्लं नाही," तो म्हणाला. "आणि ती उलटी लटकते आहे."

पिठी खरंच तशी होती. डोकं खाली, शेपूट वर. ती तळाकडे जायला धडपडत होती आणि काहीतरी तिचं मागचं अंग वर ओढत होतं. शाल्मलीची भीती कुठल्या कुठे गेली. तिने बाही वर केली, पसरट भांडं पाण्यात बुडवलं आणि पिठीला अलगद त्यात घेतलं. भांडं हललं तेव्हा आवाज आला. कट. कट. भांड्यात पाण्याशिवाय आणि पिठीशिवाय काहीच नव्हतं. आवाज पिठीच्या आतून आला होता.

डॉक्टर तांबोळी माणसांच्या डॉक्टर होत्या. "मी आयुष्यात कधी मांजरसुद्धा तपासलेलं नाही," त्या म्हणाल्या. पण त्यांनी पिठीला भांड्यासकट एक्स-रे यंत्राखाली ठेवलं. पडद्यावर चित्र उमटलं. काड्यांसारखी नाजूक हाडं, बोटांची टोकं, पाठीचा लांब कणा. आणि पोटाच्या जागी एकमेकांना चिकटलेले पांढरेशुभ्र गोल.

शाल्मलीने ते मोजले. तेरा. पळत जाऊन तिने टाकी पाहिली. तळाशी चार.

"तिनेच गिळले," ती म्हणाली. "आणि मीच टाकले होते."

डॉक्टरांनी तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. "आतडं तुंबलंय. खड्यांच्या मागे वायू साठलाय, म्हणून शेपूट वर येतं. आत्ता रडू नकोस. पृथ्वीवरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना मी विचारते. तू तुझ्या नानांना विचार. खडे त्यांचेच ना?"

नानांनी चाळीस वर्षं नद्यांच्या वाळूचा आणि गाळाचा अभ्यास केला होता. आता ते खाडीकाठच्या घरात राहायचे. चंद्रावरून निघालेला शब्द पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंदाहून जरा जास्त लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. त्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर पडद्यावरचे नाना नुसते बघत राहायचे, ऐकलंच नसल्यासारखे, आणि मग एकदम बोलायचे. शाल्मलीला त्याची सवय होती. आज मात्र ती शांतता सोसवत नव्हती.

"पण ती दगड का खाईल, नाना?"

नाना बघत राहिले. मग म्हणाले, "ती दगड खात नाही गो. तिला गांडूळच हवं असतं. तुझ्याकडे रबरी फुग्याचा ड्रॉपर आहे? एका वाटीत पाणी घे, तळाला मोहरी टाक आणि त्यावर धाग्याचा तुकडा. फुगा दाब, तोंड धाग्याजवळ ने आणि सोड."

पाणक्याने ड्रॉपर दिला. शाल्मलीने फुगा दाबून सोडला. पाणी सुर्रकन आत गेलं, धागाही गेला, आणि त्याच्याबरोबर सात-आठ मोहऱ्या.

"धागाच घ्यायचा होता ना तुला?" नाना म्हणाले. "मग मोहरी का आली?"

"कारण पाणी आत ओढलं गेलं. पाण्यात जे होतं ते सगळंच आलं."

"पिठी तशीच खाते. ती चावत नाही. भक्ष्य जवळ आलं की तोंड झटकन उघडते, घशाची पोकळी एकदम मोठी होते आणि पाणी आत धावतं. याला चूषण म्हणतात (पोकळी मोठी करून ओढून घेणं). गांडूळ खड्यांवर पडलेलं असलं तर खडाही आत. पृथ्वीवर हेच होतं. तुमच्याकडे तर खड्याचं वजन सहावा हिस्सा, त्यामुळे तो आणखी सहज उचलला जातो."

शाल्मली पाणक्याकडे वळली. "तू मला का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं होतंस, खडे विषारी आहेत का," पाणक्या म्हणाला. "ते तोंडात मावतात का, असं विचारलं नव्हतंस. आणि गांडूळ मी पहाटे, दिवे लागायच्या आधी नळीतून सोडतो. तिला उजेड आवडत नाही, म्हणून मी तेव्हा टाकीकडे दिवा धरत नाही."

पिठीला एका डब्यात घालून दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवलं गेलं, सात अंशांवर. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. अन्न बंद, रोज थंड ताजं पाणी, आणि वाट बघायची. कधी खडे आपोआप बाहेर पडतात, कधी नाही पडत. थंडीत तिचं शरीर संथ चालतं, त्यामुळे उपाशी असूनही ती फार झिजणार नव्हती.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. शाल्मली शाळा सुटली की फ्रिजचं दार उघडायची. डब्यात पिठी दगडी बाहुलीसारखी पडलेली असायची. श्वास चालू आहे की नाही तेही कळायचं नाही. मग बऱ्याच वेळाने एक कल्ला किंचित थरथरायचा आणि शाल्मली दार लावून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी एक खडा होता. पाचव्या दिवशी आणखी चार. दहाव्या दिवसापर्यंत अकरा झाले. वरच अडकलेल्या बाराव्या खड्यासाठी डॉक्टरांनी गुंगीचं औषध मिसळलेल्या पाण्यात पिठीला झोपवलं आणि बारीक चिमट्याने तो तोंडातून बाहेर काढला. तेराव्या खड्याचा पत्ता नव्हता. चार दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा तो पोटात दिसला नाही, आणि पाणक्याला तो डब्यातून काढलेलं पाणी गाळताना गाळणीत सापडला.

"जगली," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकल्या.

पिठी टाकीत परत आली. तळ पुन्हा उघडा, नुसती काच. अशक्त झालेली पिठी एक पाऊल टाकायची, वर उचलली जायची, भिंतीला धडकायची. कल्ले पुढे वळलेले. शाल्मलीने अर्धा तास ते पाहिलं. मग ती भट्टीवरून चाळलेली चंद्राची वाळू घेऊन आली, डबाभर, राखाडी, पिठासारखी बारीक. नानांना पडद्यावर बोलावून तिने डबा टाकीवर धरला.

"नाना, आता मी नीट विचार केलाय. मोठे खडे अडकतात, म्हणून सगळ्यात बारीक वाळू आणलीय. गिळली तरी निघून जाईल. बघा, टाकतेय."

पडद्यावर नाना शांतपणे बघत होते. शाल्मलीने डबा कलता केला. वाळू चंद्रावर पडते तशी सावकाश, धुरासारखी पडू लागली. नाना अजून तसेच बघत होते. मग त्यांचा चेहरा बदलला.

"थांब. थांब गो, हात मागे घे."

तो शब्द येईपर्यंत मूठभर वाळू पाण्यात गेली होती. पण ती तळाला पोचली नव्हती. चंद्रावर पाण्यातही सगळं हळूच बुडतं. एक राखाडी ढग पिठीच्या डोक्यावर लोंबकळत खाली येत होता आणि पिठी हसऱ्या तोंडाने वर बघत होती.

"पाणक्या, तिला काढ," शाल्मली म्हणाली. पाणक्याचा हात पाण्यात गेला आणि ढग टेकायच्या आत पिठी भांड्यात होती.

टाकी तीनदा धुतली गेली. त्यानंतर नानांनी शाल्मलीला त्या वाळूची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला लावली.

शाल्मलीने डोळा लावला आणि चटकन मागे घेतला. तिने वाळूचे दाणे पाहिले होते, नानांच्या घरी, गोलसर आणि पारदर्शक. हे तसे नव्हते. हे फुटक्या काचेचे ढीग होते. टोकं, सुळे, आकडे. एक दाणा तर नखं बाहेर काढलेल्या पंज्यासारखा दिसत होता.

"कर्ली नदीतला दाणा गोल का असतो?" नानांनी विचारलं.

"घासून?"

"घासून. डोंगरावरून निघताना तोही असाच टोकदार असतो. नदी त्याला लोळवत आणते, दाणा दाण्यावर आपटतो, टोकं झिजतात. वारा असेल तर तोही झिजवतो. आता सांग, तुमच्याकडे नदी आहे?"

"नाही."

"वारा?"

"नाही."

"अवकाशातून येणारे बारीक कण तुमच्या जमिनीवर आदळत राहतात. खडक फुटतो, थोडा वितळतो, त्याची काच होते, तीही फुटते. फुटतं सगळं, पण झिजवायला कोणी नाही. तीन अब्ज वर्षांपूर्वी जे टोक तयार झालं ते आजही टोकदार असू शकतं. तसली वाळू आतड्यातून गेली असती तर कापत गेली असती. आणि इतकी बारीक धूळ कल्ल्यांत बसली असती ते वेगळंच."

शाल्मलीने सूक्ष्मदर्शकाखालची चिमूट पुसून टाकली. मग म्हणाली, "पृथ्वीवरची बारीक गोल वाळू मागवली तर?"

"पूर्ण वाढलेल्या ॲक्सोलॉटलला चालते. मऊ, मिठाच्या दाण्याहून बारीक असेल तर गिळली तरी बाहेर पडते. पिल्लांना तीही नको, त्यांचं आतडं फार अरुंद. पण तुमच्याकडे ती हलकी होते, गांडुळाबरोबर कितीतरी जास्त तोंडात जाईल. मी धोका पत्करणार नाही. तू काय करशील?"

"म्हणजे," शाल्मली सावकाश म्हणाली, "तोंडात मावेल असं काही नको. आणि नुसती काचही नको, कारण पाय ठरत नाहीत. मग एकच मोठा दगड हवा. टाकीच्या तळाएवढा. तो कुठे गिळणार ती?"

नाना बघत राहिले. अडीच सेकंद. मग त्यांच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या. "कुठून आणशील?"

तिला कुठून आणायचा ते माहीत होतं.

बर्डेकाकांनी सगळं ऐकून घेतलं. "जी माती कापते, तीच भाजली तर?" ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी साचा केला, टाकीच्या तळाच्या मापाचा. साच्यात थापलेल्या ओल्या मातीवर शाल्मलीने कंगवा फिरवला, उथळ रेघा उमटल्या, पिठीच्या बोटांना धरायला. भट्टीत दाणे कडांना वितळून एकमेकांना चिकटले (याला तापबंधन म्हणता येईल: पूर्ण न वितळवता भाजून एकजीव करणं). बाहेर आली ती काळसर, खरखरीत लादी. काकांनी तिच्या कडा आणि पाठ-पोट घासून टोकं मारली. शाल्मलीने ओलं फडकं फिरवून पाहिलं, एकही धागा अडकला नाही. पाणक्याने लादी दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवली आणि रोज पाणी तपासलं. या वेळी शाल्मलीने त्याला विचारलं, "विष उतरतंय का? दाणे सुटतायत का? आणि मी विचारायला विसरले असं काही आहे का?"

पाणक्याने लादी टाकीच्या काचेवर ठेवून पाहिली. "लादी आणि काच यांच्यात फट राहील. फटीत घाण साठेल आणि पाणी खराब होईल."

मग फट सिलिकॉनने बुजवली.

पिठीला सोडलं तेव्हा दुपार होती. ती हळूहळू खाली उतरली. पुढचा उजवा पाय लादीला टेकला. बोटं पसरली, रेघेत रुतली. ती वर उचलली गेली नाही. डावा पाय. मागचे दोन. मग तिने चालायला सुरुवात केली, आवाज न करता, टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू ती जागा कायम तिचीच होती. अर्ध्या तासाने तिचे कल्ले मागे वळले.

बर्डेकाका वाकून बघत होते. "माझा जेवणाचा डबा मात्र कोणी नेला, ते कळायला हवं होतं," ते म्हणाले आणि निघून गेले. शाल्मलीला हसावं की नाही ते ठरवता आलं नाही. बोगदा त्यांच्याभोवती पूर्वीसारखाच गप्प होता.

महिन्याभराने आई संदेश घेऊन आली. पुढच्या यानातून सहा ॲक्सोलॉटल येणार होते. पिठी एकटी राहणार नव्हती, आणि ते चांगले रुळले तर पुढे बोगद्यात एक मोठं तळं करायचा विचार होता, चंद्रावरचं पहिलं.

"सहाही पिल्लं आहेत," आई म्हणाली. "भट्टीवर कळवते. त्यांच्या टाकीलाही हीच लादी चालेल ना?"

शाल्मली लगेच हो म्हणणार होती. मग तिने टाकीत वाकून पिठीचा पाय पाहिला, रेघेची रुंदी पाहिली, आणि पट्टी हातात घेतली.

"अजून सांगता येत नाही," ती म्हणाली. "आधी पाठवणाऱ्यांना विचार, सगळ्यात लहान पिल्लाचा पाय केवढा आहे. तो या रेघेत अडकायला नको."